पु. ल. उद्यानाचं मूळ गाव

लग्न ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंतच्या पाच महिन्यांत आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात इतक्या चकरा मारल्या की तिथल्या पुलाच्या फळ्या पाठ झाल्या होत्या. ही बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलीय, हे कळल्यावर नवरा (तेव्हाचा होणारा) म्हणाला होता, "एकदा ओरिजिनल बघून येऊ." लग्नाआधी पुरुष बरंच काही म्हणतात. हे मात्र खरं झालं. फक्त चौदा वर्षं लागली.

२०२४ च्या मार्चअखेरीस गेलो. जायचंच आहे तर साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, गाठू, म्हणून महिनाभर तारखांचा काथ्याकूट केला. टोकियोत फुलं साधारण २४ मार्चच्या सुमारास उमलायला लागतात, म्हणजे २६ ला पोचलेलं बरं. पोचलो, तर उएनो पार्कात नुसत्या काड्या! झाडांखाली कंदील टांगलेले, लोक कुडकुडत फोटो काढतायत, आणि वर एक फूल नाही. गणपती यायच्या आदल्या दिवशी मांडव बघून परतावं तसं झालं.

साकुरा "आला" हे ठरवायची पद्धत मात्र मला फार आवडली. टोकियोसाठी यासुकुनी देवळातलं एक झाड नमुना म्हणून ठरलेलं आहे. हवामान खात्याचा माणूस जाऊन ते निरखतो, पाच-सहा फुलं उमललेली दिसली की जाहीर करतो, आणि कॅमेरेवाले तिथे ताटकळत असतात. त्या वर्षी ही घोषणा २९ मार्चला झाली. आमचं क्योतोचं तिकीट ३० चं. शहरांमध्ये सगळीकडे दिसणारी सोमेई योशिनो जातीची झाडं एकमेकांची कलमं असतात, म्हणून ती एकदम फुलतात. आणि रुसली की तीही एकदम रुसतात.

क्योतोबद्दल मी थोडक्यात आवरते, कारण त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. तत्त्वज्ञ-पथ म्हणून कालव्याकाठची दोनेक किलोमीटरची वाट आहे, तिथे कळ्या उघडायला लागल्या होत्या. गर्दी तुळशीबागेइतकी, फक्त आवाज नाही. रेल्वेचा सात दिवसांचा पास आम्ही घेतला नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर गेला, आणि आमच्यासारख्या निवांत फिरणाऱ्यांना तो परवडत नाही. सुटी तिकिटं काढली.

आम्ही शाकाहारी, त्यामुळे खाण्याचं काय, हे प्रत्येकजण विचारतो. मासा दिसत नाही आणि तरी असतो, ही तिथली खरी गंमत. सूप, सॉस, भाजीचा रस, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी. चौथ्या दिवशी आम्ही नाद सोडला. दुकानातून तयार भाताचं पाकीट घ्यायचं, तिथेच मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं आणि खोलीवर येऊन त्यावर घरचं मेतकूट आणि तूप. जपानी भात चिकट, आपल्या आसट भाताच्या जवळचा. क्योतोच्या हॉटेलात पलंगावर मांडी घालून मी जो मेतकूट-भात खाल्लाय, तसा सदाशिव पेठेतही खाल्ला नाही.

क्योतोहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभरात ओकायामा. आणि तिथे, अखेर, फुलं! आसाही नदीच्या काठाने पांढऱ्या-गुलाबी झाडांची रांगच्या रांग, खाली चटया टाकून बसलेली कुटुंबं. नदी ओलांडली की कोराकुएन.

आत शिरल्यावर दोघंही जरा वेळ बोललो नाही. मग हा म्हणाला, "मोठी आहे गं." ओकायामाच्या इकेदा सरदारांनी १७०० साली पुरी केलेली ही बाग सुमारे तेरा हेक्टर आहे. पण ओळखीची वाटते. तशीच वळणं घेत जाणारी वाट, तसेच पाण्याचे पाट, तशीच मध्ये उघडी हिरवळ. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक दोन्ही हिने सोसली, आणि जुन्या चित्रांवरून ती पुन्हा होती तशी केली. बागेत चहाचा एक छोटा मळा आहे आणि चक्क भातखाचरही. र्‍युतेन नावाचं एक लाकडी घर आहे, त्याच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि पाटात सहा रंगीत दगड बसवलेत. बूट काढून तिथे टेकलो. पाण्यावरून एक पाकळी आली, दगडाला अडली, गोल फिरली आणि पुढे गेली. मग दुसरी. आम्ही किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

जपानी बागकामात शाक्केइ म्हणजे उसनं दृश्य नावाची एक कल्पना आहे. कुंपणाबाहेरचा डोंगर किंवा इमारत बागेचाच भाग वाटेल अशी मांडणी करायची. इथे ते काम काळ्या भिंतींचा ओकायामा किल्ला करतो. "आणि आपल्याकडे पर्वती," नवरा लगेच म्हणाला. पुणेकर कुठेही गेला तरी बरोबरी सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी ओकायामाजवळचं किबीचं माळरान सायकलवर. बिझेन-इचिनोमिया स्टेशनवर सायकल भाड्याने घ्यायची आणि सोजाला सोडायची. वाट सगळी शेतांतून. सातूचे हिरवे पट्टे, नांगरलेली खाचरं, मध्येच पीचची गडद गुलाबी झाडं. साकुरापेक्षा मला तीच आवडली, आणि त्यांच्याखाली एकही माणूस नव्हता. मोमोतारो, म्हणजे पीचमधून जन्मलेला आणि राक्षसाला मारणारा मुलगा, याच मुलखातला मानतात. ज्या राजपुत्राची ही कथा म्हणतात त्याचं देऊळ, किबित्सु, वाटेवरच लागतं. गाभारा १४२५ चा, आणि टेकडीच्या उतारावरून जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकत गेलेली साडेतीनशे मीटरहून लांब लाकडी ओसरी. तिच्या बाजूला एक काळवंडलेली खोली आहे. मारलेल्या राक्षसाचं डोकं तिथल्या चुलीखाली पुरलंय म्हणतात. चुलीवरच्या हंड्यात पाणी उकळून त्याच्या घुमण्यावरून कौल घेतात. आम्ही गेलो तेव्हा कौल नव्हता, पण दारातून आलेला धुराचा वास थेट आजीच्या स्वयंपाकघरातला.

पुढे त्सुकुरियामाची जुनी समाधी, साडेतीनशे मीटर लांबीची टेकडीच म्हणा, वर चढूनही जाता येतं. तिथून उतरून कोकुबुंजी देवळाच्या पाचमजली पॅगोडाकडे जाताना नवरा एका हाताने फोटो काढत सायकल चालवत होता. या भागात शेतांच्या कडेने पाण्याचे पाट आहेत आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना कठडा नाही. मी "अरे, समोर बघ" म्हणेपर्यंत पुढचं चाक गेलं. तो गुडघ्यापर्यंत गाळात, फोन मात्र वर धरलेला. लागलं काही नाही. पॅगोडाचा फोटो फक्त तिरका आलाय.

सोजाला सायकल परत करताना काउंटरवरच्या आजोबांनी आधी चाक पाहिलं, मग नवऱ्याचा डावा बूट. "योसुई?" त्यांनी विचारलं. फोनमध्ये शोधलं तर शेताचा पाट. नवऱ्याने मान हलवली. आजोबांना अजिबात नवल वाटलं नाही. ते आत गेले आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, बुटात कोंबायला.