पत्रातली मुलगी

सोमवार, रात्री अकरा

आज माझ्यामुळे एका मुलीचं मन दुखावलं. ते लिहून ठेवल्याशिवाय झोप येणार नाही.

आमच्या बालगृहाच्या देणगीदारांना आम्ही वर्षातून तीनदा पत्र पाठवतो. दुपारी या वेळचं पत्र छापायला लावून मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तर बालगृहातली एक अकरा वर्षांची मुलगी प्रिंटरपाशी उभी होती. हातात पत्राचं पहिलं पान.

"ताई, ही मीच ना?"

नाव बदललं होतं, फोटो नव्हता. पण डाव्या कानाने कमी ऐकू येणं, बाबांचं जाणं, रात्री उशीखाली खाऊ लपवून ठेवण्याची सवय, हे सगळं मी लिहिलं होतं. एवढ्यावरून स्वतःला कोण ओळखणार नाही? मी हो म्हटलं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. 'या जगात तिचं कोणी नाही.'

"पण माझी आई आहे की."

ती रडली नाही. कागद पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला, कडा नीट जुळवल्या आणि अभ्यासाला निघून गेली. त्या जुळवलेल्या कडा मला संध्याकाळभर दिसत राहिल्या.

आई आहेच तिला. दोन-तीन महिन्यांतून एकदा येते, फाटकाजवळच्या बाकावर बसते, लेकीची वेणी सोडून नव्याने घालते आणि निघून जाते. नंतर दोन दिवस ही मुलगी कोणालाही केसांना हात लावू देत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी ती ओळ मीच लिहिली.

का लिहिली, तेही मला माहीत आहे. नाताळात देणग्या येतात आणि फेब्रुवारीपर्यंत आटतात. 'आई आहे, पण सांभाळू शकत नाही' असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. 'कोणी नाही' लिहिलं की प्रश्न उरत नाही, देणगी येते. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील, दोघांपैकी एक जरी गेलं असेल तरी अठरा वर्षांखालचं मूल अनाथ ठरतं. त्या हिशेबाने ती अनाथ आहे आणि मी खोटं लिहिलं नाही, अशी माझ्या मनाची समजूत मी दुपारभर घालत होते. पण अनाथ असणं वेगळं आणि कोणी नसणं वेगळं. आमच्या १९ मुलांपैकी खरोखर कोणीही नसलेली चारच आहेत.

मंगळवार

पत्रं फाडली. विश्वस्तांपैकी एकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मुलीची गोष्टच काढली तर पत्र वाचणार कोण?" त्यांची काळजी खरी आहे. रागावण्यासारखं त्यात काही नाही.

हा मोह आमच्या कामाइतकाच जुना आहे. थॉमस बर्नार्डो यांनी 1870 मध्ये लंडनला मुलांसाठी पहिलं वसतिगृह काढलं. मुलांचे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढून त्यांची कार्डं ते विकत. आधीच्या फोटोत फाटके कपडे, नंतरच्यात कामाला लागलेला नीटनेटका मुलगा. 1877 मध्ये हे प्रकरण लवादापुढे गेलं. बहुतेक आरोपांतून ते सुटले, पण बनावट देखावा रचून फोटो काढल्याबद्दल ठपका बसलाच. बर्नार्डोंचं मुलांवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? हजारो मुलांना त्यांनी आसरा दिला. प्रेम असलेल्या माणसाच्या हातूनही हे होतं, याचीच मला भीती वाटते.

दुसरीकडे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी घरं चालवणारे जॉर्ज म्यूलर. कोणाही माणसापुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं, हा त्यांचा नेम. मिळालेल्या दानाचा हिशेब मात्र ते दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवत. त्यांच्या हयातीत 10,024 मुलं त्या घरांत वाढली. माझा विश्वास त्यांच्याएवढा नाही. मला पत्र लिहावं लागतं. पण हिशेब छापणं मला जमतं, आणि तेवढं तरी मी करणार.

खरी अडचण पगारांची आहे. पंख्यांसाठी देणगी येते, गणवेशांसाठी येते, खोलीवर नाव कोरून मिळणार असेल तर खोलीसाठीही येते. ज्या कामासाठी पैसे आले त्याच कामाला ते लावायचे, त्यात तडजोड नाही. मावशींच्या पगारासाठी मात्र कोणी देत नाही. मागच्या वर्षी पगार दोन महिने थकला आणि धाकट्या मुलांच्या मावशी दुसरीकडे कामाला गेल्या. मी त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? त्यांची एक जुनी चप्पल पलंगाखाली राहिली होती. चार वर्षांचा आमचा पोरगा ती घेऊन आठवडाभर दाराशी बसायचा. मावशी चप्पल न्यायला तरी येतील, असं त्याचं म्हणणं.

रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. संस्थांमधली 136 लहान मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली निम्मी पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांत, ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ, बुद्धी, जीव लावण्याची ताकद बरीच सावरली. जितकं लवकर घर मिळालं तितकी जास्त. बालगृह चालवणाऱ्या बाईने हे मान्य करणं सोपं नाही, पण मान्य करायला हवं. आम्ही कितीही माया केली तरी इथे माया करणारी माणसं पगारावर असतात आणि पगार देणगीवर असतो. त्या चपलेचं कारण शेवटी तेच.

बुधवार

एका जुन्या देणगीदारांचं पत्र आलं. यंदा किती मुलांचा बाप्तिस्मा झाला, असं विचारलंय. आकडा मिळाला तर देणगी वाढवतील.

उत्तर लगेच लिहिलं. संध्याकाळची प्रार्थना आमच्याकडे रोज होते. मुलं गातात, काही पेंगतात, काहींना यायचं नसतं, तीही चालतात. बाप्तिस्म्याचा निर्णय मोठं झाल्यावर ज्याचा त्याने घ्यायचा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातल्या 14 व्या कलमात मुलाच्या धर्मस्वातंत्र्याची हमी आहे, पण ते कलम नसतं तरी मी हेच लिहिलं असतं. माझा प्रभू मुलांना जवळ येऊ द्या म्हणाला. त्यांना मोजून दाखवा असं तो कुठे म्हणाला नाही.

शुक्रवार, पहाटे

नवं पत्र लिहून झालं. त्यात एकाही मुलाची कहाणी नाही. तीन मावशींचे पगार, किती महिन्यांची तजवीज आहे, किती महिन्यांची नाही, एवढंच सरळ लिहिलं. छापण्याआधी ते त्या मुलीच्या हातात दिलं आणि आधीच्या पत्राबद्दल तिची माफी मागितली. तिने सगळं वाचलं. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. मग म्हणाली, "आईला आधीचं पत्र दाखवू नका." मी म्हटलं, "फाडून टाकलं गं."

रात्री म्यूलरांची आणखी एक गोष्ट आठवली आणि झोप उडाली. 1836 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुलांचे अर्ज घ्यायचा दिवस ठरवला. पैसा होता, घर होतं, मदतनीस होते. एकही अर्ज आला नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सगळ्या गोष्टींसाठी प्रार्थना केली, पण मुलंच मागायची राहिली.

उठून माझी प्रार्थनेची वही काढली. छताची गळती आहे, गॅस आहे, मावशी आहेत, प्रत्येक मुलाचं नाव आहे, देणगीदारांची नावं तर पानंच्या पानं आहेत. या मुलीच्या आईचं नाव एकदाही नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. ती बाई मुलीला इथे ठेवून गेली ती गरिबीपायी, दुसरं काही कारण नव्हतं. केवळ गरिबीसाठी मूल आईवडिलांपासून दूर करू नये, असं संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. ते मी बैठकांत वाचूनही दाखवलंय. पण मुलीला घरी नेण्यासाठी तुम्हाला नेमकं काय कमी पडतं, असं त्या बाईला मी कधी विचारलं नाही. तिच्या खोलीचं भाडं आणि मुलीच्या शाळेचा खर्च आपण इथे एका मुलावर करतो त्याहून कमीच असेल, हे गणितसुद्धा मी आज पहाटे पहिल्यांदा मांडलं.

वहीत तिचं नाव लिहिलं. फाईलमधल्या नंबरवर फोन लावला, तो बंद आहे. मुलीला विचारलं तर म्हणाली, शेजारच्या काकूंचा नंबर तिला पाठ आहे. तोंडपाठ म्हणून दाखवला. मी कागदावर उतरवून घेतला.

नऊ वाजले की लावते.