‘२५०पेक्षा जास्त’ म्हणजे नेमके किती?

कोविडच्या एखाद्या नव्या व्हेरियंटची बातमी आली की आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात कोणी ना कोणी २०२१ सालचा अँटीबॉडी रिपोर्ट कपाटातून काढते, आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे हे ठाऊक असल्यामुळे तो माझ्यापुढे येतो. शेजारच्या काकूंच्या रिपोर्टवर ‘२५०पेक्षा जास्त’ असे ठळक छापलेले होते आणि खाली बारीक अक्षरांत ०.८०पासून पुढे पॉझिटिव्ह, अशी टीप होती. “एवढ्या अँटीबॉडी असल्यावर मला कशाची भीती हो, भाऊ?” असे त्यांनी विचारले.

२५० ही काकूंच्या शरीराची नव्हे, तर नमुना पातळ न करता मोजणाऱ्या त्या चाचणीची मर्यादा आहे. शिवाय ती चाचणी मूळ विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला, म्हणजे ज्याच्या आधारे तो पेशीत शिरतो त्या पृष्ठभागावरच्या काट्याला, चिकटणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) मोजते. त्यांतली किती प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्यापासून खरोखर रोखतात, हे तिला कळत नाही, आणि नव्या व्हेरियंटविषयी तर ती काहीच सांगत नाही.

प्रतिपिंड हे स्पाइकच्या एका ठरावीक जागेचा आकार ओळखते, त्यामुळे तिथले एखादे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, बदलले तरी पकड सुटू शकते. नोव्हेंबर २०२१मध्ये आढळलेल्या ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल होते आणि त्यांतले सुमारे पंधरा नेमके पेशीला चिकटणाऱ्या भागात होते. याचा सर्वांत स्वच्छ दाखला औषधांत मिळाला. भारतात मे २०२१मध्ये परवानगी मिळालेल्या कॉकटेलमध्ये, म्हणजे मिश्र औषधामध्ये, कॅसिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब ही दोन प्रतिपिंडे मुद्दाम वेगवेगळ्या जागा धरणारी निवडली होती, कारण विषाणू दोन्ही जागा एकदम बदलणार नाही अशी अपेक्षा होती; ओमिक्रॉनने नेमके तेच केले आणि ते महागडे औषध जवळपास निकामी झाले.

लसीने किंवा आजाराने तयार होणारी प्रतिपिंडे मात्र दोन नव्हे, असंख्य प्रकारची असतात. काहींची पकड सुटते, काहींची सैल होते, तर काहींची टिकते, म्हणून संरक्षण शून्यावर न येता घटते. किती घटते, हे आपण कोणत्या संरक्षणाबद्दल बोलतो यावर ठरते. २०२१मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, लक्षणे दिसणाऱ्या संसर्गापासून पन्नास टक्के संरक्षणासाठी बऱ्या झालेल्या रुग्णांमधील सरासरीच्या सुमारे २० टक्के निष्प्रभावक (विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखणारी) प्रतिपिंडे लागतात, तर गंभीर आजारापासून तेवढ्याच संरक्षणासाठी सुमारे ३ टक्के पुरतात. दोन डोस घेतलेली माणसे जानेवारी २०२२मध्ये घरोघरी खोकत होती, पण त्यांतली बहुतेक रुग्णालयाची पायरी न चढता बरी झाली, यावर “मग लस कशाला घेतली?” असे विचारणाऱ्यांना हा फरक कोणी नीट समजावलाच नाही, असे मला वाटते.

गंभीर आजार टळण्याचे श्रेय एकट्या प्रतिपिंडांचेही नाही. टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी विषाणूच्या प्रथिनांचे अनेक छोटे तुकडे ओळखतात आणि ओमिक्रॉनमध्ये त्यांतले बरेच तसेच राहिले. प्रतिपिंडे बनवण्याची आठवण जपणाऱ्या स्मृती बी पेशी लसीनंतर कित्येक महिने आपली प्रतिपिंडे सुधारत राहतात, आणि त्यामुळेच तिसऱ्या डोसनंतर प्रतिपिंडांची नुसती संख्या वाढत नाही, तर बदललेले स्पाइक धरण्याची त्यांची क्षमताही वाढते. रक्तातील आयजीजी या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य, म्हणजे ती निम्मी होण्याचा काळ, साधारण तीन आठवडे असते, त्यामुळे आकडा उतरणारच. तो उतरला म्हणून ही स्मृती पुसली जात नाही.

काकूंना मी ती टेस्ट पुन्हा करू नका एवढेच सांगितले, आणि वय व मधुमेह पाहता पुढच्या डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारायला सुचवले. खरी अडचण कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांची आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची आहे. त्यांच्या शरीरात लसीनंतरही पुरेशी प्रतिपिंडे अनेकदा तयार होत नाहीत, आणि बाहेरून द्यायची प्रतिपिंडे नव्या व्हेरियंटपुढे लंगडी पडली की नवी शोधावी लागतात.