कागद सोडायचा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायला बसलो, पण चित्रकलेच्या सरांपलीकडे गाडी सरकेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणितात मी कसा तरलो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा होऊन गेली होती, तास मोकळाच होता. सरांनी रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांच्या हिमालयाच्या चित्राचं मासिकातलं कात्रण फळ्यावर लावलं नि म्हणाले, "हे काढा." दंडोबापेक्षा उंच डोंगर न बघितलेली आम्ही पोरं! सगळ्यांनी पांढऱ्या रंगाच्या ट्यूब पिळल्या. सर बाकांमधून फिरत एकेक ट्यूब उचलून सदऱ्याच्या खिशात टाकत गेले. एकीचं झाकण सैल होतं, खिसा बरबटला. त्यांचं लक्षही नव्हतं. "बर्फाला रंग लावायचा नाही, कागद सोडायचा. रंगवायची ती सावली. आणि ती निळी असते."

निळी सावली? मागच्या बाकावर खसखस पिकली. सरांनी माझाच ब्रश घेतला, भरपूर पाण्यात निळ्याचा थेंब कालवला आणि उतारावर एक तिरका पट्टा ओढला. कोऱ्या कागदातून कडा वर आला.

पुढे कृषी पदवी घेतली, ठिबक सिंचनाच्या नोकरीत हिमाचलातल्या कुल्लूला बदली झाली आणि मी खोली घेतली नेमकी नग्गरला. बियास नदीच्या डाव्या बाजूचं, देवदारांच्या रानातलं हे छोटं गाव. रोरिक १९२८ मध्ये इथे आले आणि १९४७ मध्ये इथेच वारले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. आपली जुन्या सिनेमातली नटी देविकाराणी म्हणजे त्यांची सून, हे मला तिथे जाऊन कळलं. घराभोवती सफरचंदाच्या बागा. या खोऱ्यात बंदरोलला कॅप्टन ली यांनी १८७० मध्ये पहिली बाग लावली. झाडाला फळ धरायला हिवाळ्यात हजारभर तास कडाक्याची थंडी लागते, म्हणून बर्फ पडला की बागवाले खूश. आपल्याकडे द्राक्षाच्या हंगामात नुसतं आभाळ भरून आलं तरी झोप उडते!

पहिला बर्फ पडला, त्या सकाळी ऊन निघाल्यावर बागेत गेलो. छाटलेल्या फांद्यांच्या सावल्या बर्फावर पडल्या होत्या. सरांनी ओढला होता तोच निळा, रतीभरही फरक नाही. सर स्वतः आयुष्यात कधी मिरजेच्या फार पुढे गेल्याचं ऐकिवात नाही. मग त्यांनी तो निळा पाहिला कुठे? आता विचारायची सोय राहिली नाही.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आहेत आणि चित्रकलेचा तास बऱ्याचदा गणिताला जातो म्हणे. संगणक हवेतच, पण एक खोली जास्त नाही का होणार? तशी ती झाली, तर रंग, कागद आणि कपाटाचा खर्च दरवर्षी माझ्याकडे. कार्यवाहांना वेगळं पत्र टाकलं आहे, उत्तराची वाट पाहतोय.