उलटे धावणारे घड्याळ आणि केरीतला कॉलेज फुटबॉल

उत्तर कॅरोलिना राज्यातल्या केरी या गावात बिऱ्हाड हलवण्यापूर्वी शाळा कशा आहेत, देऊळ किती लांब आहे, आपला किराणा कुठे मिळतो, याची सगळी चौकशी मी करून ठेवली होती. नोव्हेंबर महिन्यात इथे कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉलची एक मोठी स्पर्धा रंगते, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. मी कोल्हापूरची. मामाचे बोट धरून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून वाढलेल्या मुलीला ही गोष्ट शेजाऱ्यांकडून कळावी, याचे मला अजूनही वाईट वाटते. इथे नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की लोकांना हेल्मेट घालून खेळायचा त्यांचा खेळ आठवतो आणि आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. या लेखात मात्र मी आपलाच शब्द वापरते.

मैदानाचे नाव वेकमेड सॉकर पार्क. 2002 साली सुरू झालेल्या या संकुलात अनेक मैदाने असून मुख्य स्टेडियममध्ये सुमारे 10,000 माणसे बसू शकतात. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या पुरुषांच्या अजिंक्यपद स्पर्धेचे शेवटचे सामने अलीकडे बहुतेक वर्षी इथेच होतात. पहिल्या फेऱ्या विद्यापीठांच्या आपापल्या मैदानांवर आटोपतात आणि उरलेले चार संघ केरीला येतात.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नेमाने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. हा गट 1953 साली स्थापन झाला आणि त्याची पुरुष फुटबॉलची बाद फेरीची स्पर्धा 1987 पासून भरते. चॅपेल हिलचे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, डरहॅमचे ड्यूक आणि रॅलेचे एनसी स्टेट ही तिन्ही विद्यापीठे केरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरात आहेत. नॉर्थ कॅरोलिना आणि ड्यूक यांच्यातली चुरस पाहिली की मला कोल्हापूरची शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ आठवतात, कारण दोन्हीकडे वैर शेजाऱ्यांचे आहे. सकाळी एकाच दुकानात दूध घेणारी माणसे संध्याकाळी समोरासमोरच्या स्टँडमध्ये बसतात. 2024 पासून मात्र या गटात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही थेट पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे आली आहेत. अमेरिकन फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशाने हे सगळे फिरवले, आणि त्याचा भार वाहतात ती आमच्या खेळातली मुले, ज्यांना सामन्यासाठी अख्खा देश ओलांडावा लागतो आणि परतीच्या विमानात गृहपाठ उरकावा लागतो. हा बदल मला मनापासून खटकतो.

या स्पर्धेला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत 48 संघ घेतले जातात आणि कॉन्फरन्स स्पर्धेच्या विजेत्याला तिथे थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांना निवड समितीच्या निर्णयाची वाट पाहावी लागते, आणि ती यादी अंतिम सामन्यानंतरच्या सोमवारी जाहीर होते. त्यामुळे हंगामभर अडखळलेल्या संघालाही या काही दिवसांत सगळे भरून काढण्याची संधी असते. चषक हुकला म्हणून सगळे संपते असेही नाही. 2021 मध्ये या कॉन्फरन्सचे अजिंक्यपद नोत्र दामने मिळवले, पण राष्ट्रीय विजेता ठरला तो त्याच गटातला क्लेमसन, आणि तोही याच केरीच्या मैदानावर. पुढच्या वर्षी सिरॅक्यूजने कॉन्फरन्सही जिंकली आणि डिसेंबरमध्ये इथेच इंडियानाला पेनल्टीच्या टायब्रेकरवर हरवून राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. या गटाची परंपराच तशी आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियाने लागोपाठ चार वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्या संघाचे प्रशिक्षक ब्रूस अरीना पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2002 च्या विश्वचषकात त्यांनी तो संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेला.

पहिला सामना पाहायला गेले तेव्हा मला सर्वांत परके वाटले ते घड्याळ. आपल्याकडे वेळ पंचांच्या मनगटावर असते आणि नव्वद मिनिटांनंतर ते किती वेळ वाढवून देणार, यावर पायऱ्यांवर वादावादी चालते. इथे फलकावरचे घड्याळ 45 मिनिटांवरून उलटे धावत शून्यावर येते. गोल झाला किंवा पंचांनी कार्ड दाखवले की ते थांबते, खेळ सुरू झाला की पुन्हा धावू लागते. शेवटची दहा सेकंदे उरली की निवेदक ध्वनिक्षेपकावरून आकडे मोजू लागतो, प्रेक्षक त्याच्या सुरात सूर मिसळतात, आणि शून्यावर भोंगा वाजतो. बदली खेळाडूंचे नियमही निराळे आहेत; उत्तरार्धात बाहेर गेलेला खेळाडू एकदा परत येऊ शकतो, म्हणून प्रशिक्षक दमलेल्या मुलांना विसावा देऊन पुन्हा उतरवतात आणि खेळाचा वेग शेवटपर्यंत उतरत नाही. बाद फेरीत बरोबरी झाली, तर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव आणि त्यानंतर टायब्रेकर. पूर्वी जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपत असे. 2022 पासून ती पद्धत बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

पण मी दरवर्षी जाते ती या नियमांसाठी नव्हे. एका उपांत्य सामन्यात भोंगा वाजल्यावर विजयी संघ एका कोपऱ्यात नाचत होता आणि हरलेल्या संघातला एक उंच मुलगा माझ्यासमोरच्या कडेला गवतावर बसून मोज्यांवरची चिकटपट्टी सोडवत होता. ती एकदम ओढून न काढता तो हळूहळू उलगडत होता आणि तिची गोळी करून मुठीत ठेवत होता. कठड्यापाशी त्याची आई उभी होती; तिच्या पाठीवर त्याच्याच क्रमांकाचा सदरा होता. ती त्याला हाक मारत नव्हती, नुसती थांबली होती. तो कॉलेजच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होता, हे मला बाजूच्या गृहस्थांनी सांगितले. अशा मुलांपैकी व्यावसायिक क्लबांपर्यंत थोडेच पोहोचतात.

मला त्या क्षणी माझा मामेभाऊ आठवला. आमचा दादा तालमीच्या संघातून खेळायचा, त्याच्या डाव्या पायाचे पेठेत कौतुक होते, आणि बारावीच्या वर्षी घरच्यांनी बूट माळ्यावर टाकले. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कोल्हापूर ही फुटबॉलची पंढरी आहे, तिथल्या अनिकेत जाधवने 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे प्रतिनिधित्व केले. पण इतर शेकडो मुलांना खेळ की शिक्षण हा प्रश्न सोळाव्या-सतराव्या वर्षी सोडवावा लागतो. इथे तो प्रश्न निदान चार वर्षे पुढे ढकलला जातो. इथेही सगळ्यांची फी माफ होते असे समजू नका. 2024-25 च्या हंगामापर्यंत एका संघाला फक्त 9.9 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत आणि प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून पंचवीस-तीस मुलांत वाटत. आता ती मर्यादा जाऊन बहुतेक मोठ्या संघांना खेळाडूंच्या संख्येचीच 28 ही मर्यादा आली आहे. त्या जागांसाठी जर्मनी, इंग्लंड, नॉर्वे, घाना अशा देशांतली मुले येतात. पेठेतल्या एखाद्या मुलापर्यंत ही वाट पोहोचावी, एवढ्यासाठी मी हे आकडे इतक्या तपशिलाने लिहीत आहे.

गेल्या खेपेला अंतिम सामन्याचे शेवटचे दहा आकडे मी मोबाइलवर टिपले आणि दादाला पाठवले. कोल्हापुरात तेव्हा रात्र झाली होती, तरी त्याचा लगेच फोन आला. भोंगा ऐकून त्याला गंमत वाटली होती, पण त्याने विचारले ते वेगळेच.

“अगं, आज हरलेली ही पोरं उद्या सोमवारी वर्गात जाऊन बसणार?”

“हो दादा, बसणार.”

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो व्हिडिओ पुन्हा पाठव, मोठा करून. पोराला दाखवतो.”