आज चारही पिस्टन आत गेले

१९९० च्या माझ्दा मियाटाचं १.६ लिटरचं इंजिन तीन महिने गॅरेजमध्ये उघडं होतं. आज चारही पिस्टन बसवले.

सगळा दिवस गेला पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीत, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधल्या जागेत. ऑफिसला नेण्यापुरती गाडी असती तर कमी फट चालली असती. पण कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाच्या रेसट्रॅकवर इंजिन सतत रेडलाइनजवळ, म्हणजे वेगाच्या कमाल मर्यादेजवळ फिरतं, रिंग तापून फुगते आणि टोकं भिडली की सिलिंडर ओरबाडला जातो. फट जास्त झाली तर गॅस खाली निसटतो, ऑइल जळतं. ७८ मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) वरच्या रिंगसाठी मी ०.३५ मिमी धरली. थोडं घासायचं, बोअरमध्ये सरळ बसवून मोजायचं, पुन्हा घासायचं. एक रिंग घाईत जास्त घासली गेली, ती बादच केली. नशीब, जादा संच होता.

फट मोजायच्या पातळ पात्यांचा फीलर गेज बाबांचा, पिंपरीत फिटर होते तेव्हाचा. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "पाती हलकी अडली पाहिजे, जोर लावू नकोस." त्यांच्या हाताची सवय अजून तशीच आहे.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, हाताने फिरवला, कुठेही अडला नाही. या सुरुवातीच्या मॉडेलच्या क्रँकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, आखूड असतं, तिथल्या पुलीचा बोल्ट सैल राहिला तर की-वे (क्रँकवरची खाच) खराब होतो. तो बोल्ट उद्या, डोकं ताजं असताना.