पट्टा अपडेट: बोनस अॅक्शनची गाठ सुटली

सुटलं एकदाचं! आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात मागच्या वेळी पट्ट्याच्या (हातमोज्याची मूठ असलेल्या तलवारीच्या) जादा वारावर गाडी अडली होती, ती एकही हाउस रूल (टेबलापुरता घरचा नियम) न लिहिता पुढं सरकली.

आमच्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) उजव्या हातात जादूचा पट्टा, नियम सगळे सिमिटर ऑफ स्पीड या जादूच्या वाकड्या तलवारीचे: हिटला आणि डॅमेजला +२, शिवाय दर टर्नला बोनस अॅक्शनमध्ये (मुख्य कृतीखेरीजच्या जादा छोट्या कृतीत) एक वार. डाव्या हातात +१ शॉर्टसोर्ड. अट्यूनमेंटचा (जादूच्या वस्तूशी पात्राची जोड) प्रश्न नव्हताच. तीन वस्तूंच्या मर्यादेत पट्टा, रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन बसतात, +१ तलवारीला अट्यूनमेंट लागत नाही. (अंगठी आणि क्लोकची नावं वेगळी, म्हणून दोघांचा +१ एसीत, म्हणजे बचावाच्या आकड्यात, धरायचा.) घोडं अडलं होतं बोनस अॅक्शनवर. दुसऱ्या हाताचा वारही तीच मागतो, पट्ट्याचाही तीच, आणि टर्नला ती मिळते एकच. दोन्ही हातांत जादू असून फायदा एकाचाच, हे मला बघवत नव्हतं.

उत्तर निघालं २०२४ च्या नियमांत: निक. सिमिटरची मास्टरी (हत्याराची खास करामत) निक, त्यामुळं लाइट म्हणजे हलक्या हत्याराचा जादा वार, तोच दुसऱ्या हाताचा, अटॅक अॅक्शनमध्येच बसतो आणि बोनस अॅक्शन मोकळी राहते. नवव्या लेव्हलला टर्न असा होतो: शॉर्टसोर्डचे दोन वार, मग निकनं पट्टा, मग बोनस अॅक्शनचा पट्टा. क्रम मुद्दाम असा ठेवलाय. शॉर्टसोर्डची मास्टरी व्हेक्स, ती लागली की त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). तलवार वाट करून देते, पट्टा आत घुसतो.

गोकाकचा आमचा गडी लगेच म्हणाला, "दादा, निकच्या वाराला डेक्स नाही म्हणायलास, मग +२ पण जातंय की?" नाही जात. टू-वेपन फायटिंग स्टाइल (दोन हत्यारांनी लढायची खास शैली) नसेल तर डॅमेजमधून डेक्स (चपळाईचा आकडा) तेवढी वगळायची, हत्याराची जादू राहते. बोनस अॅक्शनचा वार पट्ट्याचा स्वतःचा, त्यात डेक्ससुद्धा पूर्ण.

खानापूरकडच्या बारापेडे गुहांवरून बेतलेल्या नकाशावर हे चालवून बघितलं. चार वार, दोन महाकाय वटवाघळं खाली! टेबलावर जो आरडाओरडा झाला, त्यासाठीच हा खेळ खेळतो मी.

हाउस रूल एकच ठेवलाय, तोही या गाठीसाठी नाही. खऱ्या पट्ट्याची मूठ लोखंडी हातमोज्याच्या आत आडवी असते, मनगट वळत नाही. म्हणून त्या हातानं दुसरं काही धरायचं नाही. पोशन (जादूचं औषध) प्यायचं तर तलवार म्यान करा, आणि पिण्यात बोनस अॅक्शन जाते, म्हणजे त्या टर्नला पट्ट्याचा जादा वारही गेला. निवड कठीण होते, मला तेच हवंय.

नियमांची कार्डं बेळगावच्या खडेबाजारात मिळणाऱ्या जाड मॅट शीटवर केली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटखाली चमकतं आणि अक्षर दिसत नाही.

पुढं फायटरला जादूची ढाल द्यायची होती, पण लिहिता लिहिताच बेत बदलला. पट्टा दोन्ही हातांत घालूनही लढत, मग दुसरा पट्टाच का नको? तसाच दुसरा चालणार नाही, एकाच वस्तूच्या दोन प्रतींशी अट्यून होता येत नाही. डावा साधा +२ केला तर अट्यूनमेंट नको, पण व्हेक्स जाते आणि दोन्ही हात अडकल्यावर पोशन कोण पाजणार? क्लेरिकला (बरं करणाऱ्या पात्राला) शेजारीच उभं राहावं लागेल. राजहंसगडाच्या सेशनमध्ये तो पट्टा किल्लेदाराच्या हातात देतोय. घ्यायचा की नाही ते फायटरनं ठरवावं.