शतावरीच्या एका कागदासाठी सहा महिने

शतावरीच्या मुळांचा अर्क जीवाणूंकरवी आंबवला, तर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरील त्याचा प्रभाव वाढतो का, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. शतावरीतील सॅपोनिनांना, म्हणजे पाण्यात साबणासारखा फेस करणाऱ्या संयुगांना, साखरेचे रेणू जोडलेले असतात. लॅक्टोबॅसिलस या लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंच्या काही जाती आपल्या विकरांनी ही साखर तोडतात आणि उरलेला गाभा पेशीच्या स्निग्ध आवरणातून अधिक सहज आत शिरेल, अशी अपेक्षा असते. प्रयोगाला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ ही मुळे शतावरीचीच आहेत, असे लिहिलेला एक कागद मिळवण्यात गेला.

मार्चमध्ये पुण्याच्या रविवार पेठेतून काष्ठौषधींच्या दुकानातली वाळलेली मुळे घेऊन मी वनस्पतींची ओळख प्रमाणित करणाऱ्या कार्यालयात गेले. फुलाफळांची फांदी असल्याशिवाय नुसत्या मुळांवर सही होणार नाही, असे मला सांगण्यात आले. नियम रास्त होता, कारण बाजारात शतावरीच्या नावाखाली दुसऱ्याही मुळ्या खपतात. माझा राग नियमावर नव्हता. एका फेरीत एकच चूक दाखवायची, या पद्धतीवर होता. फुलोऱ्यासाठी पावसाळ्याची वाट पाहिली आणि मुळशीकडच्या एका ओळखीच्या शेताच्या बांधावरून वेल आणली, तर ती दाबून वाळवून ज्यावर चिकटवली तो कागद ४२ × २८ सेंटिमीटरचा नाही म्हणून नमुना परत आला. पुढच्या खेपेस दाबून वाळवलेल्या वेलीची हिरवी पालवी गळून वर्तमानपत्रात पडली होती आणि हातात काटेरी दोरीच उरली होती. त्यानंतरच्या खेपेस अर्जातील ‘पाने’ या रकान्यात मी ‘सुईसारखी, झुपक्याने येणारी’ असे लिहिले. त्यावर लाल शाईची रेघ मारून खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले, ‘‘मॅडम, शतावरीवर पीएच.डी. करता ना? ही पाने नव्हेत.’’ त्यांचे खरे होते. ती रूपांतरित खोडे असतात. खरी पाने खवल्यांएवढी राहतात किंवा त्यांचे काटे होतात. अर्थात हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगता आले असते. सप्टेंबरात सही झाली, तेव्हा आनंदापेक्षा थकवाच अधिक होता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: प्रमाणपत्र वेलीचे मिळते, दुकानातल्या मुळांचे नव्हे. म्हणून नमुना घेतला त्याच वेलीची मुळे त्याच दिवशी खणून घ्यावीत आणि ठिकाण, तारीख व संग्रह क्रमांक तिथेच वहीत टिपावा. मी तसे केले नव्हते, त्यामुळे मला त्या बांधावर कुदळ घेऊन पुन्हा जावे लागले.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मिळाल्या; अर्क ३७ अंशांवर ४८ तास आंबवला. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या द्रव्याचे जांभळे स्फटिक करतात. ताटलीतल्या माझ्या आंबवलेल्या अर्काच्या खाचा जवळजवळ पिवळ्याच राहिल्या आणि मी मार्गदर्शकांना रात्रीच फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘सामू (पीएच) किती होता?’’ तो चारच्या खाली होता. पेशी शतावरीने नव्हे, लॅक्टिक आम्लाने मेल्या असण्याची दाट शक्यता होती. मग सामू सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणला, न आंबवलेला अर्क आणि वनस्पतीविना आंबवलेले माध्यम असे दोन जोडीदार तुलनेसाठी बाजूला ठेवले, शिवाय पेशी नसलेल्या काही खाचाही राखल्या, कारण वनस्पतीतील फिनॉल संयुगे पेशींवाचूनही एमटीटीला जांभळे करू शकतात. प्रभाव बराच खाली आला, तरी न आंबवलेल्या अर्कापेक्षा तो अधिक राहिला. तेवढाच दावा मी प्रबंधात केला आहे. एका नातेवाइकांनी ‘घरच्या रुग्णाला हे देता येईल का’ असे विचारले, तेव्हा प्लास्टिकच्या ताटलीतल्या पेशींना ना यकृत असते ना पोट, हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

नमुन्याची दुसरी प्रत जरूर करून ठेवावी. माझी आजही कपाटावर आहे. तिचीही पालवी गळाली आहे, परंतु ती मी लिफाफ्यात भरून त्याच कागदावर चिकटवली आहे.